दुसरा डोळा

विहंग आणि त्याची बायको संपदा, दोघांचाही पीएचडीचा विषय जपानची युद्धोत्तर राज्यघटना. तो वर्षानुवर्षं युद्ध नाकारणाऱ्या नवव्या कलमातच अडकलेला. ती पदवी मिळवून टोकियोत व्याख्यानही देऊन आली. नाशिकला परतताना लाल दारुमा बाहुली आणली, एकच डोळा रंगवलेली. “इच्छा धरून एक डोळा रंगवायचा, पुरी झाली की दुसरा. तिकडे निवडून आलेला उमेदवारही तेच करतो,” ती म्हणाली. काय मागितलं, ते मात्र सांगेना. टोकियोतली नोकरीच असणार, या विचाराने विहंगचा जळफळाट झाला. ती सिन्नरला कॉलेजात गेल्यावर त्याने मार्करने दुसरा डोळा भरून टाकला. आता तिचं मागणं बाद. संध्याकाळी दारातूनच संपदाला बाहुली दिसली. “अरे, तुझा प्रबंध मंजूर झाला? मला फोनसुद्धा नाही? थांब, पेढे आणते.” चपला न काढताच ती जिना उतरली.