कागद पिवळा होईना

"हलवू नको रे ती पट्टी!" जनू ओरडला. हरेशने तर हातही लावला नव्हता.

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या लॅबमध्ये टेबलावर कागदाच्या दोन निळ्या पट्ट्या होत्या. एकीवर हरेशच्या स्वतःच्या रक्ताचा थेंब, तुलनेसाठी. दुसरीवर जनूचं नाव. जनू रोह्याला कीटकनाशकांच्या कंपनीत पिंपं भरायचा. ते औषध अंगात गेलं की रक्तातलं एक एन्झाइम मारतं. एन्झाइम शाबूत असेल तर वीस मिनिटांत पट्टी पिवळी होते. नसेल तर निळीच राहते, आणि मग कंपनी माणसाला प्लँटवरून काढते. जनू पडला कंत्राटी. काढला म्हणजे घरीच बसला.

आठवडाभर त्याला धूसर दिसत होतं, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. आपली पट्टी निळीच राहणार, हे तो ओळखून होता. मग त्याने युक्ती लढवली. मेहुणा हरेशच लॅबमध्ये असल्यावर काय! शिफ्ट सुटल्यावर तो बायकोला, शांतीला, घेऊन आला. नळीवर नाव आपलं, रक्त तिचं. ती बिचारी कंपनीच्या गेटापर्यंतही कधी गेली नव्हती. हरेश आधी नाय नाय म्हणाला, पण बहिणीच्या संसाराचं ऐकल्यावर तयार झाला.

शांती बाकावर भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम. "कालचे बोंबील बाधले मेले," असं सकाळपासून म्हणत होती.

वीस मिनिटं झाली. हरेशची पट्टी हळदीसारखी पिवळी झाली. शेजारची निळीच.

"कागद खराब असंल," जनू म्हणाला.

हरेशने नवी पट्टी लावली. पुन्हा वीस मिनिटं. जनूने घड्याळाकडे बघायचंच सोडलं. पट्टी निळीच.

"दाजी, मला भीती वाटते," हरेश हळूच म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "ताई, दाजींचे कामाचे कपडे कोण धुतं?"

"आता कोण धुणार? मीच." शांती थकल्यासारखी हसली. "वास जाता जात नाय. रोज तासभर हातानं चोळते."

जनूने अंगातल्या शर्टाकडे बघितलं. पिंपाजवळून तो तसाच आला होता. तो बायकोपासून झटकन दूर झाला आणि थेट दाराशी जाऊन उभा राहिला.

"हरेश, डॉक्टरला बोलव आधी. नळीवर तिचं नाव घाल. मग माझं रक्त घे, माझ्या नावानं."

"अहो, पण कंपनी काढंल ना तुमाला!" शांती म्हणाली.

"काढू दे," जनू म्हणाला, आणि शर्टाची बटणं सोडायला लागला.