पेराएवढं तूप

रत्नमालाने तूप पातळ करून पिठात ओतलं, अर्ध्या पिठात इसबगोल मिसळलं आणि छोट्या छोट्या गोळ्या वळल्या. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले उंदीर चार महिने तिच्याच हातचं खात होते. रोज सकाळी पिंजऱ्यात उरलेलं खाद्य तोलायचं काम तिचंच. पण तूप सुरू झाल्यापासून कणही उरला नव्हता.

उंदरांच्या रक्ताचा रिपोर्ट वाचता वाचता प्रयोग चालवणाऱ्या डिंगरे मॅडम म्हणाल्या, "बघितलंत? तूप सगळ्यांनीच खाल्लं. पण ज्यांना इसबगोल दिलं, त्यांचं कोलेस्टेरॉल खाली आलंय."

रत्नमालाचे हात थांबले. नवऱ्याचं तूप तिने सात वर्षांपूर्वी बंद केलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं त्याहून कडकपणे. सुरुवातीला तो रोज जेवताना बोटाचं पेर दाखवायचा. "एवढंसं वाढ की गं." ती तुपाचं भांडं उचलून आत न्यायची. पुढे कधीतरी तो मागेनासा झाला, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"मॅडम, इसबगोल घेतलं तर माणसांना तूप चालेल?"

"चमचाभर चालत असेल. डॉक्टरांना विचारा."

तिने विचारलं. डॉक्टर हो म्हणाले. रविवारी दुपारी नवऱ्याच्या वाफाळत्या वरणभातावर ती तूप वाढायला गेली, तर त्याने ताटावर हात आडवा धरला.

"नको गं. आता वासही नकोसा वाटतो. तू घे."

तो शांतपणे भात कालवत राहिला. डिसेंबरच्या गारठ्यात चमच्यातलं तूप थिजलं, तरी ती तिथेच उभी होती. त्याने एकदा तरी पेर दाखवावं म्हणून.