खंडेनवमीची खरेदी

अनसूयाने शिलाई मशीनला हार घातला, पाटावर कात्री मांडली आणि शेजारी क्रेडिट कार्ड ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या वस्तूला खंडेनवमीला कुणी हात लावत नाही.

नवरा मरण्यापूर्वी दोघांच्या नावावर कर्ज काढून उधळपट्टी करून गेला होता. कुठलीही बँक तिला दारात उभं करीना. मग तिने स्वतःची ठेव तारण ठेवून हे कार्ड मिळवलं. त्यावर फक्त दोरे नि बटणं घेतली, दरमहा वेळेवर पैसे भरले आणि गेलेली पत परत आणली. दसऱ्यानंतर तिला नव्या मशीनसाठी कर्ज मिळणार होतं.

इतक्यात मोबाइलवर मेसेज आला. तिच्या कार्डावर चौकातल्या मिठाईवाल्याकडे खरेदी झाली होती. नवरा दर खंडेनवमीला तिथूनच अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटायचा. कार्ड पाटावरच होतं, पण त्यावरचं कुंकू कुणीतरी अंगठ्याने पुसलं होतं.

तिने बँकेला फोन लावला.

"काकू, पिन दाबून खरेदी झालीय. घरातल्या कुणाला कार्ड दिलं होतं का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"घरात मी एकटीच आहे, बाई. आधी ते कार्ड बंद कर."

मुलगी घुटमळली. "करते, पण काका नको म्हणतायत ना."

"कोण काका?"

"तुमच्या शेजारीच बोलतायत की. एवढी खेप राहू दे म्हणतायत."

कानापाशी पाकाचा गोड वास दरवळला. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"त्यांचं ऐकायचे दिवस गेले," ती म्हणाली. "तू कर बंद."