त्रयस्थ व्यक्ती

मायाप्पांनी तालुक्याच्या मंडईत तीस वर्षे घोंगड्या विकल्या. जागेचा परवाना सदैव त्यांच्या बंडीच्या खिशात असे, आणि त्या बंडीसह त्यांना माती देण्यात आली. महिनाअखेरपर्यंत परवाना न दाखविल्यास जागा जाणार होती. म्हणून त्यांच्या पत्नी चिमाबाई यांनी माहितीच्या अधिकारात नगरपालिकेकडे त्याची प्रत मागितली.

लिपिकाने उत्तर वाचून दाखविले. "परवानाधारक ही त्रयस्थ व्यक्ती असल्याने तिच्या लेखी संमतीविना प्रत देता येत नाही."

"सायेब, मी बायकू हाय त्यांची. ते वारल्याचा दाखला तुमीच दिलाय की!"

"व्हय मावशी. पण नियमानं त्यांना मंडईच्या पत्त्यावर पत्र धाडलं. 'मयत' म्हणून परत आलं."

"मग?"

"मग संमती न्हाई, असं धरलं."

चिमाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. महिना सरायला अद्याप चार दिवस होते.

"माजी जागा कुणाला देनार, तेवढं तरी सांगा."

लिपिकाने फाईल मिटली.

"दिली की परवाच. कुणाला, ते मातर त्यांना इचारल्याबिगर सांगता येत न्हाई."