दोन वेढे

तारल्या आपण होऊन होडीत उड्या मारत होत्या आणि ओमकार खदाखदा हसत होता.

जाळ्याचं एक टोक होडीला बांधून बसायचं काम त्याचं. बाकीचं जाळं मोठ्या बोटीवर, त्याच्या थोरल्या भावाकडे, नितेशकडे. पाणी फसफसताना पाहून नितेशनेच त्याला तिथे सोडलं होतं. बुडबुडे वर आले की खाली मासळी, हे मिरकरवाडा बंदरावर पोरासोरांनाही ठाऊक. आता बोटीने वळसा घालून वेढा पुरा करायचा, एवढंच उरलं होतं.

पण नितेशचा जीव थाऱ्यावर नव्हता. मासळीचे बुडबुडे कुठेही, कसेही येतात. हे एकामागोमाग येत होते, वळत वळत, ओमकारच्या होडीभोवती. असा वेढा आपण घालतो, मासळी कशाला घालील? तो बोटीच्या कडेला धावला.

"ओम्या, बाहेर नीघ तिथनं!"

"टोपली पाठव दादा, होडी भरली," ओमकार ओरडला. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं.

बोट तिकडे न्यावी तर जाळं पंख्यात अडकणार. नितेश खलाशांवर खेकसला, "जाळं ओढा."

"आत्ताच? अजून वळसा नाय पडला," बाबू म्हणाला.

"ओढ म्हणतो ना. होडी येईल त्याच्यासंगं."

रिकामं जाळं वर येऊ लागलं आणि होडी बोटीकडे फरफटत आली. ओमकार उठून उभा राहिला. "डोकं फिरलं काय रे तुझं? भरल्या ताटावरनं उठवतोस?"

त्याच्या पाठीमागे पाणी फुगलं. होडी मघाशी होती तिथेच एक जबडा सरळ वर आला, आख्खी होडी मावेल एवढा. पाण्यातल्या सगळ्या तारल्या त्यात गेल्या. गळा पखालीसारखा फुगला, जबडा मिटला, कडांनी पाणी गळलं आणि देवमासा सावकाश खाली गेला.

बाबूने हात जोडले. नितेश होडीत उतरला आणि भावाला गच्च धरून रडला. खरी भीती त्याला आत्ता वाटत होती.

 ओमकार खाली बसला आणि पायाशी तडफडणाऱ्या तारल्या उचलून पाण्यात टाकू लागला.

"असू दे रे," नितेश म्हणाला. "कालवणाला होतील."

ओमकारचे हात थांबले नाहीत.

"नको दादा. त्यानं मोजलेल्या असल्या तर?"