शिवणयंत्र

"खो मिळाल्यावरच उठली आमची पोर!" खो-खो मंडळाच्या अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. त्याच पोरीने शेवटच्या क्षणी पाहुण्या संघाची मुलगी बाद करून चषक खेचून आणला होता. ती खो मिळण्याआधीच उठली, अशी पाहुण्यांची तक्रार होती. पंच दोन्ही बाजू ऐकून घेत होते.

सामन्याचे फोटो काढणाऱ्या सुलभाताईंनी गळ्यातला जड कॅमेरा पंचांपुढे धरला. सेकंदाला अकरा फोटो काढताना तो एवढा खडखडायचा, की अख्खं मैदान त्याला शिवणयंत्र म्हणून हसायचं. आता कोणी हसलं नाही. फोटोत पोर जमिनीवरून उठलेली होती आणि खो देणारीचा हात तिच्या पाठीपासून चांगला वीतभर लांब होता.

अध्यक्षांनी कॅमेरा हिसकावला आणि कचरापेटीचं चिन्ह शोधून ते सगळे फोटो पुसले. "लग्नातले फोटो काढा, बाई. खेळातलं तुम्हाला काय कळतंय?"

"याच मैदानावर सात वर्षं पळालेय मी," सुलभाताई म्हणाल्या. "एकदा मीही अशीच आधी उठले होते. आमच्या गुरुजींनी आपणहून पंचांना सांगितलं, आणि आम्ही हरलो."

कॅमेरा परत घेऊन त्यांनी बाजूचं झाकण उघडून दाखवलं. "यात दोन कार्डं बसतात, साहेब. प्रत्येक फोटो दोन्हींवर उमटतो. तुम्ही एकच पुसलंत."

अध्यक्षांचा हात पुन्हा झेपावला. सुलभाताईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि शिवणयंत्र सुरू झालं.