न गळणारा नळ

भाड्याच्या घराने बुधवारी दुपारी मोरीचा नळ स्वतःच दुरुस्त केला. बिघाड दिसला की घर तो परस्पर काढून टाकत असे. भाडेकरूला विचारायची पद्धत नव्हती. संध्याकाळी वृंदा कामावरून आली, तेव्हा तिचे अंध सासरे तात्या स्वयंपाकघराची भिंत चाचपत उभे होते. तीन वर्षं ते थेंबांच्या आवाजावर एकटेच मोरीपर्यंत जात.

गुरुवारी तिने तक्रार नोंदवली, ‘नळ गळत नाही.’ मालकाचे तंत्रज्ञ पेडणेकर आले.

“वहिनी, चांगल्या नळाची तक्रार घर घेत नाही.”

“थेंब वाजला नाही तर तात्यांना मोरी सापडत नाही. मी हात धरून नेते म्हटलं, तर जायला लागू नये म्हणून त्यांनी कालपासून पाणी पिणंच सोडलंय.”

“बहिरा नाही झालो अजून,” आतून तात्या म्हणाले.

पेडणेकरांनी नळाचा वायसर सैल केला. थेंब पडताच भिंतीवर लाल दिवा लागला. घराच्या नोंदीत त्यांनी ‘बिघाड’ खोडलं आणि ‘वृद्धांसाठी आधाराचा कठडा’ असं लिहिलं. दिवा हिरवा झाला.

आत कॉट करकरली.

“दारातून बाजूला व्हा,” तात्या म्हणाले. “मला जायचंय.”